उतारावरचे कासव

क-४-१ या विहिरीत १,६३० ते १,६४८ मीटर खोलीवर चुनखडक लागला आणि त्याच्या रंध्रांत तेलाचे डाग होते. त्या अठरा मीटरांची चाचणी घेतली तेव्हा नऊ तास खारे पाणी आले. तेलाचा थेंबही आला नाही. हे २००३ साली घडले. २०२३ साली दुसऱ्या एका कंपनीने तिथून अकरा किलोमीटर पूर्वेला विहीर खोदली. तोच थर तिला १,४४० मीटरवर लागला आणि त्यात तेल होते.

पहिल्या विहिरीची जागा जयवंत नेरूरकरांनी ठरवली होती. अंधेरीला मरोळमध्ये आमच्या छोट्या कंपनीचे कार्यालय होते. ती कंपनी आता अस्तित्वात नाही. नेरूरकर सर तिथे मुख्य भूवैज्ञानिक होते आणि मी, नीला कुबल, सव्वीस वर्षांची, त्यांच्या हाताखाली सर्वेक्षणाचे आकडे वाचत असे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाच्या दीड किलोमीटर खाली त्यांना एक गाडलेली टेकडी दिसली होती. नकाशावर तिच्या समोच्च रेषा चारही बाजूंनी बंद होत होत्या आणि कडेला चार बोटके पाय फुटल्यासारखे दिसत. सरांनी तिला नाव दिले कासव.

टेकडी कशासाठी लागते, हे सर प्रत्येक नव्या माणसाला कँटीनमध्ये दाखवत. पाण्याने भरलेल्या परातीत ते एक काच तिरपी बुडवत आणि तिच्याखाली ड्रॉपरने शेंगदाणा तेलाचा थेंब सोडत. थेंब काचेच्या खालच्या अंगाला धरून चढाच्या दिशेने सरकत जाई आणि कडेवरून निसटून पाण्यावर येई. मग ते काच काढून तिच्या जागी वाटी पालथी धरत. थेंब वाटीत शिरे आणि तिथेच राही. जमिनीखालचे सच्छिद्र खडक पाण्याने भरलेले असतात; तेल पाण्यापेक्षा हलके; वर शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या मऊ, घट्ट खडकाचे झाकण. त्या झाकणाखालून तेल उताराच्या उलट दिशेने, वरवर जात राहते. जिथे थर चढून पुन्हा सगळीकडे उतरतो, तिथेच ते अडते. नुसता उतार असला तर अडत नाही.

"काचेला दोष देऊ नका," सर म्हणत. "ती तिरकी आहे, एवढंच."

प्रयोग संपला की काचेवर बोटभर तेलकट माग राहिलेला असे. सर ती साबणाने धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवून देत.

विहीर कोरडी, म्हणजे तेलाविना, निघाल्यावर कंपनीच्या समितीला कारण हवे होते. टेकडी होती, खडक सच्छिद्र होता, तेलाचे डागही होते, उरले झाकण. अहवालात सरांनी लिहिले: 'आच्छादक थर गळका असावा.' या वाक्याला कोणताही पुरावा नव्हता आणि ते त्यांना माहीत होते. पुढे त्यांनी विहिरीसाठी सुचवलेल्या दोन जागांची कागदपत्रे कोणी उघडलीही नाहीत. कॉरिडॉरमध्ये लोक म्हणत, "कासव पाण्यातच राहणार ना रे, त्यात शोधायचं काय?" सर हे ऐकत. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि मुलुंडच्या घराजवळ एका महाविद्यालयात तासिकेवर भूगोल शिकवू लागले. त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या जागी कोणी खोदले नाही. नोकरी सोडली तेव्हा सरांचे वय पन्नास होते.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीनदा चार तास. सुगंधाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, गुडघ्यांमुळे जिने उतरवत नसत. म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी त्यांचा पुतण्या नितेश त्यांना घेऊन जाई आणि शनिवारी मी.

शेजारच्या विहिरीची बातमी मी त्यांना अशाच एका शनिवारी दिली. पवईच्या एका परिसंवादात त्या कंपनीच्या माणसाने थराची खोली सांगितली होती. तेलाचे रासायनिक पृथक्करणही दाखवले होते आणि ते आमच्या विहिरीतल्या डागांशी जुळत होते. सरांचा डावा हात नळ्यांना जोडलेला होता. यंत्रातून परत येणारे रक्त एका उभ्या कुपीतून जात होते. त्यात हवेचा बुडबुडा आलाच तर तो वर जाऊन तिथेच अडावा, अशी ती सोय असते. सर नेहमी त्या कुपीकडे बघत पडून राहत.

"तेच तेल?" त्यांनी विचारले.

"तेच, सर."

"त्याच थरात?"

"त्याच."

त्यांनी नजर कुपीवरून माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मग झाकण गळकं नव्हतं गं. झाकण गळलं असतं तर तेल सरळ वर गेलं असतं, समुद्रात. अकरा किलोमीटर आडवं कशाला जाईल? ते झाकणाखालूनच गेलं. माझ्या विहिरीच्या जागेवरून गेलं."

"असं दिसतंय."

"मग माझ्या कासवाने का नाही धरलं?"

मी म्हटले, मला माहीत नाही. तेव्हा ते खरे होते.

"या कुपीला बघ," ते म्हणाले. "पंधरा सेंटिमीटरची आहे, एक बुडबुडा सोडत नाही. आणि मी तीन किलोमीटरची काढली होती." ते हसले आणि यंत्र ओरडू लागले. सिस्टर धावत आली.

"आजोबा, हलायचं नाही ना यार! वाट लागेल तुमची पण आणि माझी पण."

"माझी लागूनच आहे," सर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. "नीला, डॉक्टर काय बोलतात ते तू ऐकलंयस. हृदय थकलंय. मी एकवीस वर्षं 'असावा' लिहून बसलोय. मला 'आहे' पाहिजे. चूक माझी असली तरी चालेल, पण कोणती ते सांग. हे काम दुसरं कोण करणार? कासव कोणाला आठवतंय?"

पुढच्या मंगळवारी सर डायलिसिसला गेलेले असताना मी मुलुंडच्या घरी गेले. कासवाचा मूळ नकाशा आणि मोजणीच्या फायली त्यांनी माळ्यावर ठेवल्या होत्या. नकाशा प्लास्टिकच्या पाइपात गुंडाळून. कपाटावर आमच्या विहिरीतल्या खडकाचा हातभर तुकडा होता. तो तपकिरी दगड उन्हात ठेवला की अजूनही रॉकेलसारखा वास येतो, असे सुगंधाकाकूंनी सांगितले.

"दर मे महिन्यात गॅलरीत ठेवतत," त्या म्हणाल्या. "ह्येंका विचारलंय, कित्याक? तर म्हणतत, बघतंय आसा काय अजून. चाय घेतंस मां गो?"

मी चहा घेतला आणि कागद घेऊन निघाले.

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. समुद्राखालच्या थरांची खोली कोणी थेट मोजत नाही. जहाज पाण्यात आवाज सोडते, खालच्या थरांवरून प्रतिध्वनी परत येतो आणि आपण तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. आवाज खडकातून किती वेगाने गेला हे ठरवून वेळेची खोली केली जाते. वेग चुकला की खोली चुकते. वरती एखादा कठीण खडक असेल, तर आवाज त्यातून झरकन जातो, प्रतिध्वनी लवकर येतो आणि त्याच्या बरोबर खालचा थर आहे त्यापेक्षा उंच भासतो.

आमच्या नकाशाप्रमाणे कासवाच्या माथ्यावर थर १,५६६ मीटरवर लागायला हवा होता. लागला १,६३० वर, म्हणजे चौसष्ट मीटर खाली. तेव्हा आम्ही सर्वमान्य पद्धतीने वागलो: सगळा नकाशाच चौसष्ट मीटर खाली सरकवला. कासव खाली गेले, पण कासवच राहिले. एकच विहीर हाताशी असताना याहून वेगळे काही सुचण्याचे कारण नव्हते. आता दुसरी विहीर होती. घरी टेबलावर नकाशा पसरून मी तिची जागा शोधली. खाली सरकवलेला नकाशा तिथे १,५०६ सांगत होता. मूळ, न सरकवलेला, १,४४२. प्रत्यक्षात थर १,४४० वर लागला होता.

म्हणजे मूळ नकाशा पूर्वेला दोन मीटरांत बरोबर होता आणि फक्त कासवापाशी चौसष्ट मीटरांनी चुकला होता. आणि कासवाची उंची, माथ्यापासून शेवटच्या बंद रेषेपर्यंत, अडतीस मीटर होती, म्हणजे चुकीपेक्षा कमी.

कासवाच्या वर काय होते? विहिरीच्या पहिल्या सातशे मीटरांत उपकरणे उतरवून मोजणी केलेलीच नव्हती. इतक्या वरच्या खडकात कोणाला रस नव्हता. पण तिथून खोदाई झाली होती आणि ती करणारा एक माणूस माझ्या माहितीतला होता. लुईस, जहाजावर खोदाईचा मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो पातळ चिखल, तपासणारा. निवृत्तीनंतर वाकोल्याला चर्चमागच्या जुन्या घरी राहतो. बुधवारी मी त्याच्याकडे गेले. तो कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"लुईस, क-चार-एकचे वरचे सातशे मीटर आठवतात?"

"आठवतात? शिव्या घालत काढलेत ते मी." त्याने हात झटकले. "पाचशे वीसला मड गायब. टाकतोय टाकतोय, वर येतच नाही. जमीन पिते नुसती. सहाशे चाळीसपर्यंत तेच. नंतर एकदम बंद. दोन दिवस गेले माझे त्यात."

"अहवालात एकच ओळ आहे. 'मड गळती.'"

"मग काय कविता लिहू? मडबरोबर वर दगडाचे कणच येत नव्हते तर दगड कसला ते सांगणार कुठून? पण खोदायचा बीट कडक दगडात होता, एवढं मला कळत होतं. कडक पण पोकळ. असं काय असतं ते तू शिकलीस, मी नाही."

कठीण पण पोकळ खडक, दीडशे-दोनशे लाख वर्षे गाडला गेलेला, मऊ मातीच्या मधोमध: प्रवाळाचा चुनखडक. एकशे वीस मीटर जाड. त्यातून आवाज सेकंदाला सुमारे चार हजार मीटर जातो, आजूबाजूच्या मातीतून बावीसशे. जाऊन येऊन एकोणपन्नास सहस्रांश सेकंद वाचतात. त्याची खोली केली तर एकसष्ट मीटर होते. चूक होती चौसष्टची. अशा हिशेबात तीन मीटरांची तफावत काहीच नाही.

कासव म्हणजे त्या प्रवाळाची सावली होती. खाली टेकडी नव्हतीच. पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जाणारा सलग उतार होता, एका अंशाचा. कँटीनमधली काच. तेल तिच्याखालून गेले होते आणि आम्ही तिच्यावरचा तेलकट माग खणून काढला होता.

पण हा वेगाचा फरक मोजणीत तेव्हाच दिसायला हवा होता. जहाजाच्या प्रत्येक मार्गावर ठरावीक अंतराने, वरपासून चुनखडकाच्या थरापर्यंतचे सरासरी वेग काढले जात. त्या मार्गांपैकी एक, ओळ सतरा, कासवाच्या माथ्यावरूनच गेली होती. गुरुवारी सकाळी मी तिचे पान उघडले. ते पाहण्यापूर्वीच मला सगळे आठवले होते, असे मी म्हणणार नाही. आठवले नव्हते.

त्या पानावर वेगांचे बिंदू पेन्सिलीने मांडून त्यांतून एक गुळगुळीत रेषा काढलेली होती. शेजारचे सगळे बिंदू अडीच हजारांच्या आसपास. शॉट पॉइंट ११४० चा, म्हणजे आवाज सोडण्याच्या त्या क्रमांकाच्या जागेचा, एकच बिंदू रेषेपासून दूर, २,६१० वर, आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ. असा एकटा बिंदू आला की तो चुकीचा मानून काढून टाकायचा आणि उरलेल्यांतून रेषा न्यायची, ही आमच्या कामातली रोजची गोष्ट. आम्ही त्याला 'बिंदू उडवणे' म्हणत असू. नियम एवढाच होता की उडवणाऱ्याने कारण लिहून आद्याक्षर करायचे आणि वरिष्ठाने 'तपासले'च्या चौकटीत सही करायची. वर्तुळाजवळ लिहिले होते: 'समुद्र खवळलेला, गोंगाट. नी.' अक्षर माझे होते. 'तपासले'ची चौकट कोरी होती.

त्या दिवशीची जहाजाची नोंद फाईलमध्ये पुढेच लावलेली होती. समुद्र शांत होता.

मी तो बिंदू ठेवला असता, तर माथ्याची खोली १,६३५ आली असती. प्रत्यक्षातल्या खोलीपासून पाच मीटर दूर. कासव कागदावर आलेच नसते.

शनिवारी सर मला बघताच म्हणाले, "मिळालं. तुझ्या तोंडावरून कळतंय."

"हो सर."

"बस. आधी हिशेब सांग, मग गोष्ट."

मी त्यांना १,४४२ सांगितले, मग लुईसचा मड, मग एकसष्ट. ते डोळे मिटून ऐकत होते आणि बोटांनी चादरीवर आकडे मोजत होते.

"एकसष्ट," ते म्हणाले. "आणि लागला चौसष्ट खाली. बरोबर आहे. प्रवाळाचा रीफ होता तर." त्यांनी डोळे उघडले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला आनंद म्हणावे लागेल. "म्हणजे झाकण चांगलं होतं गं. मी त्याला उगाच बदनाम केलं. आणि तेलही होतं. फक्त टेकडी नव्हती." मग त्यांचे बोट चादरीवर थांबले. "पण मग वेगात का नाही आलं ते? माथ्यावरून ओळ गेली होती. सतरा."

मी पान पुढे केले.

त्यांनी चष्मा मागितला. पान छातीवर धरून ते वाचू लागले. कुपीतले रक्त सारख्या पातळीवर होते.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "अकराशे चाळीसला काय झालं म्हणून. दारात उभा राहून विचारलं होतं."

"विचारलं होतं."

"तू काय बोललीस?"

"गोंगाट होता, सर."

"होता?"

"नव्हता. समुद्र शांत होता. मला रेषा सरळ न्यायची होती. सगळे तसंच करायचे."

"सगळे," ते म्हणाले. त्यांनी पान घडी न करता उशीशेजारी ठेवले आणि मान यंत्राकडे वळवली. उरलेले अडीच तास ते बोलले नाहीत. रिक्षातही नाही. जिना चढताना त्यांनी माझा हात धरला, पण जिना त्यांना हात धरल्याशिवाय चढताच येत नव्हता, म्हणून त्यावरून मी काही अनुमान काढत नाही.

पुढच्या शुक्रवारी सुगंधाकाकूंचा फोन आला. "उद्या तू येव नको हां गो. नितेश येतलो."

"सर बरे आहेत ना?"

"आसत. ते बोलले, नीलाक सांग, नको येव म्हणून." मग काकूंनी आवाज खाली केला. "काय झाला गो तुमचा?"

मी सांगितले. सगळे, आकडे वगळून. त्या "हां" एवढेच म्हणाल्या.

तो आणि त्यापुढचा, असे दोन शनिवार नितेश गेला. मी फोन केला तेव्हा सर झोपलेले असत किंवा तसे मला सांगितले जाई. त्यानंतरच्या सोमवारी पहाटे ते घरीच वारले. मुलुंडच्या स्मशानात पंधरा-वीस माणसे होती. त्यांपैकी तेलाच्या धंद्यातले मी आणि लुईस दोघेच. लुईस म्हणाला, "इतका मड टाकला त्या भोकात, त्या माणसाने एकदा आवाज नाही चढवला माझ्यावर."

बाराव्यानंतर नितेश माझ्या आताच्या कार्यालयात एक मोठा लिफाफा देऊन गेला. आत ओळ सतराचे पान होते. पत्र नव्हते. मी पान उलटसुलट बघितले. 'तपासले'च्या चौकटीत 'ज. ने.' आणि खाली तारीख होती. तारीख २००३ ची नव्हती. मी त्यांना पान दाखवले त्या शनिवारची होती. सही करून त्यांनी अर्धी चूक आपल्याकडे घेतली, की नियमाप्रमाणे माझी चूक फक्त तपासली, हे त्या दोन अक्षरांवरून ठरवता येत नाही. मी ठरवलेले नाही.

जुन्या विहिरींचे अहवाल जिथे जतन केले जातात, तिथे क-४-१ च्या अहवालाला जोडण्यासाठी मी एक दुरुस्तीपत्र पाठवले आहे. सोबत त्या पानाची प्रत आहे. मजकूर असा:

'क-४-१ ही विहीर कोरडी निघण्याचे मूळ अहवालात दिलेले कारण चुकीचे आहे. आच्छादक थर गळका नव्हता. विहिरीच्या जागी टेकडी नव्हती; चुनखडकाचा थर तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे एका अंशाने सलग चढतो. ५२० ते ६४० मीटर खोलीवर, बहुधा प्रवाळाचा, कठीण खडक आहे. त्यामुळे खालचा प्रतिध्वनी लवकर परत आला आणि उतारावर टेकडी भासली. हा फरक दाखवणारी एकच नोंद होती: ओळ १७, शॉट पॉइंट ११४०, वेग २,६१०. ती नोंद बरोबर होती. ती मी, नीला कुबल, खोटे कारण लिहून काढून टाकली. तेल या जागेवरून पूर्वेला गेले, कारण त्याला अडवील असे येथे काही नव्हते.'